पाण्यातली दुचाकी: हौशीचा थरार वेगळा, पाणंदीची मजबुरी वेगळी

विश्लेषण | तालुका वार्ताहर, धाराशिव

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन जातीचे व्हिडिओ फिरायला लागतात. एक पुण्या-मुंबईकडच्या हौशी पोरांचे. उंच सायलेन्सरच्या गाड्या, गुडघ्याला-कोपराला पॅड, मावळ-मुळशीकडचा ओढा, पाण्याचे फवारे आणि मागं गाणं. दुसरे आपल्या भागातले. साधी शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन, पाठीमागं पोरगं दप्तर घेऊन, आणि फरशी पुलावरून वाहणारं गढूळ पाणी.

पहिल्या व्हिडिओला 'भारी' म्हणून अंगठे पडतात. दुसऱ्याला 'काय गरज होती जायची?' असं विचारलं जातं. खरं तर दोघंही एकच काम करत असतात, दुचाकी खोल पाण्यातून आणि चिखलातून काढायचं. फरक एवढाच की पहिला त्यासाठी बनलेली गाडी घेऊन, हौसेनं, माघारी फिरायची सोय ठेवून उतरलेला असतो. दुसऱ्याला पलीकडं काम असतं. डेअरीची वेळ, शाळेची वेळ, दवाखान्याची वेळ.

अलीकडं तिसरी एक जात वाढलीय. आपल्याच गावातली पोरं पहिल्या व्हिडिओचं बघून दुसऱ्या व्हिडिओतली गाडी पाण्यात घालतात. पलीकडच्या काठावर दोस्त मोबाईल धरून उभा असतो. म्हणून या पावसाळ्यात हा विषय जरा नीट मांडून बघू. गाडी, पाणी, माती आणि सरकारी कागद या चारही गोष्टी यात आहेत.

गाडी कशासाठी बनलीय ते आधी बघा

डर्ट बाईक म्हणजे मातीत, चिखलात, दगडगोट्यांत चालवायलाच बनवलेली गाडी. निव्वळ शर्यतीच्या डर्ट बाईकला नंबर प्लेट नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, त्यामुळं ती टेम्पोत घालून न्यावी लागते. रस्त्यावरही चालेल आणि मातीतही जाईल अशी मधली जात आपल्याकडं आहे. हिरो कंपनीनं २०११ साली 'इम्पल्स' आणली होती, ती पुढं बंद झाली. २०१९ ला 'एक्सपल्स २००' आली. रीलमध्ये दिसणाऱ्या गाड्यांत ही बरीच असते.

आता तुलना करा. एक्सपल्स २०० जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच आहे, आपली स्प्लेंडर १६५. म्हणजे दोन इंचांपेक्षा थोडा जास्त फरक. दोन इंचांनी काय होतं, असं वाटेल. पण बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत इंजिनाचं चेंबर टेकणार की नाही, हे त्या दोन इंचांतच ठरतं. एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची, स्प्लेंडरचं १८. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं. तिचा सायलेन्सर वर उचललेला, आपला फुटरेस्टच्या खालच्या अंगानं सरळ मागं गेलेला. तिच्या टायरला मोठे खडे, आपलं टायर डांबरी रस्त्याचं आणि बहुतेक वेळा अर्धं झिजलेलं.

स्प्लेंडर वाईट गाडी आहे असं मुळीच नाही. ११२ किलोची हलकी गाडी, कमी पेट्रोल, गावातला कुठलाही मेस्त्री खोलतो. निम्मा महाराष्ट्र तिच्यावरच उभा आहे. पण ती रस्त्यासाठी बनलीय आणि आपण तिला रस्ता दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट रीलमध्ये दिसत नाही. जाणते हौशी गाडीवाले पाण्यात गाडी घालायच्या आधी स्वतः चालत जाऊन बघतात. काठीनं तळ चाचपतात. चार-पाच जण सोबत असतात, एक एक गाडी काढतात, जवळ दोर असतो. गाडीवर ओझं नसतं. पाणी वाहतं आणि गढूळ असलं तर शहाणा माणूस तिथूनच माघारी फिरतो. हे सगळं दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि व्हिडिओत येतात ते शेवटचे आठ सेकंद.

पाण्याचा रेटा: घोटा, पोटरी, गुडघा

आपल्याकडं पाणी मोजायची जुनी रीत अंगावरची आहे. घोटाभर, पोटरीभर, गुडघाभर, मांडीभर. ती चांगलीच आहे, फक्त ती थांबलेल्या पाण्याची आहे. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा लागतो.

अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा जगभर वापरला जातो. सहा इंच, म्हणजे आपली वीतही भरत नाही एवढं जोरात वाहणारं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. एक फूट पाणी लहान कार वाहून नेऊ शकतं. दोन फूट पाण्यात मोठ्या गाड्याही जातात. कार चार चाकांवर उभी असते. आपण दोन चाकांवर, त्यातही एक पाय टेकवून.

यामागचा नियम शाळेतला आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. काल पोटरीभर पाण्यातून गाडी निघाली म्हणून आज निघेलच असं नाही. उंची तीच असली तरी वरच्या शिवारात पाऊस झाला असेल तर वेग वाढलेला असतो, आणि वेग काठावरून पटकन कळत नाही.

दुचाकीचा तोल ती चालती असते तेव्हाच राहतो. पाण्यात गाडी हळू होते, हळू झाली की तोल जातो, पाय टेकवावा तर खाली फरशीला शेवाळ. त्यात पाणी गाडीला थोडं वर उचलतं, त्यामुळं टायरची पकड आणखी कमी होते. दूध घालून माघारी येताना झाकण लावलेले रिकामे कॅन असतात. हे कॅन पाण्यात तरंगतात. जाताना भरलेल्या कॅननं गाडी जड असते, येताना रिकाम्या कॅनला पाणी धरतं आणि गाडी आडवी करतं. सकाळी गेलो त्याच पाण्यातून दहा वाजता येताना गाडी का हलते, त्याचं एक कारण हे आहे.

एक साधी परीक्षा आहे. पाण्यात काडी टाका. काडीच्या बरोबरीनं काठानं चालता येत नसेल, पळावं लागत असेल, तर ते पाणी दुचाकीचं नाही, पायी माणसाचंही नाही. काडी हळू गेली म्हणून मात्र लगेच गाडी घालू नका. पुढचा प्रश्न तळाचा आहे.

फरशी पुलाखाली काय उरलंय?

फरशी पूल कमी उंचीचा असतो तो कुणाच्या चुकीनं नव्हे. पूर वरून जाऊ द्यायचा, पाणी उतरलं की रहदारी सुरू करायची, असाच त्याचा आराखडा असतो. त्यात खर्च वाचतो. पण याचा अर्थ असाही होतो की पूर असताना तिथं कुणीतरी रहदारी थांबवणार, हे धरूनच तो बांधलेला आहे. दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर दगडी किंवा सिमेंटचे खुंट असावेत, म्हणजे पाण्याखालची कड कळते. पाणी किती चढलं हे दाखवणारा आकडे घातलेला खांब असावा.

आता आपापल्या गावचा पूल आठवा. खुंट किती शिल्लक आहेत? आकड्याचा खांब कुणी बघितलाय?

याहून मोठा धोका पुलाच्या दोन्ही टोकांना आहे. मधली फरशी सिमेंटची असते, टोकाचा भराव मातीचा-मुरमाचा. पुराचं पाणी कडेनं फिरतं आणि हा भराव आतून पोखरतं. वरून पाणी सपाट दिसतं. फरशी ओलांडली, आता सुटलो, असं वाटतं तिथंच पुढचं चाक कमरेएवढ्या खड्ड्यात जातं. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, आणि रोजचा रस्ता पाठ आहे या भरवशावर जाणारा माणूस इथंच फसतो. रस्ता त्याला पाठ असतो कालचा. रात्रीत भराव गेला हे त्याला माहीत नसतं.

पुलाखालच्या नळ्यांचंही तसंच. उसाचं पाचट, बाभळीच्या काट्या, प्लास्टिक अडकून नळ्या बुजतात. मग थोड्या पावसातही पाणी वरून जातं. म्हणजे जो पूल दहा दिवस बंद राहायचा तो वीस दिवस बंद राहतो, आणि त्याला पाऊस नाही तर बुजलेली नळी जबाबदार असते. मे महिन्यात एक जेसीबी अर्धा दिवस लावला तर हे काम होतं.

धरणाखालच्या गावांना आणखी एक सावधगिरी हवी. मांजरा, तेरणा, सीना-कोळेगाव या प्रकल्पांतून पाणी सोडलं की खाली ऊन पडलेलं असलं तरी नदी वाढते. आभाळ बघून पुलावर उतरू नये, विसर्गाचा निरोप बघावा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीकाठी आणि भूम-परांड्यात काय झालं ते आपण बघितलंय. परांडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली. नदी एका रात्रीत किती बदलते, हे त्या भागातल्या माणसाला नव्यानं सांगायला नको.

काळी माती गाडी का धरते?

पाण्यापेक्षा जास्त दिवस आपल्याला छळतो तो चिखल. मुरमाड भागात पाऊस उघडला की दोन तासांत गाडी चालते. काळ्या रानात चार-चार दिवस वापसा येत नाही, तशीच पाणंदही सुकत नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पोटात घेऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते आणि पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी होते.

दुचाकीला ही माती दोन प्रकारे धरते. एक म्हणजे टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतं. दुसरं म्हणजे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरत जातो आणि चाक जाम होतं. माणूस गिअर टाकून रेस करतो, चाक फिरत नाही, आणि क्लच प्लेटा जळतात. जळक्या वासाची गाडी ढकलत गावात आणणारी माणसं जून-जुलैत रोज दिसतात. डर्ट बाईकचं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर असतं ते यासाठीच. आपल्याकडं काही जण पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात किंवा खालून वॉशर घालून उचलतात. बाकीचे खुरप्यानं नाहीतर काठीनं चिखल काढत काढत जातात.

चिखलातून जायचंच असेल तर जाणत्यांचे काही ठोकताळे आहेत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसनं जायचं. पुढचा ब्रेक दाबायचा नाही. चाकोरीत चाक उतरलं तर तिरकं काढायच्या नादी लागायचं नाही, चाकोरी जाईल तसं जाऊन उथळ जागी बाहेर पडायचं. हवा थोडी कमी ठेवली तर पकड वाढते, पण डांबरीवर आल्यावर ती पुन्हा भरायची. चाक जाम झालं की थांबून चिखल काढायचा. तिथं रेस केली तर दहा मिनिटं वाचवायला जाऊन क्लच घालवायचा.

इंजिनात पाणी गेलं तर

गाडी पाण्यात बंद पडली की आपला पहिला हात सेल्फवर जातो. सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. गाडी श्वास घेते ती सीटखालच्या, बाजूच्या पत्र्यामागच्या एअर फिल्टरमधून. पाणी तिथवर चढलं की ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि पेरणीच्या तोंडावर तो खर्च हजारांत जातो.

गाडी पाण्यात बंद पडली, पडून बुडाली, तर आधी चावी बंद करा. सेल्फ नको, किक नको. बाहेर ढकलून आणा. प्लग काढा, एअर फिल्टर काढून पिळून वाळवा, मग प्लग काढलेल्या अवस्थेतच किक मारा. आत पाणी असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर फेकलं जातं. प्लगच्या वायरपासून आणि पेट्रोलपासून हात जपा. इंजिन ऑईल बघा. ते दुधाळ चहासारखं झालं असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळलंय. ते बदलल्याशिवाय गाडी चालवली तर बेअरिंग जातात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. पूर्वी कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडला की पाणी निघून जायचं. आता बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, वायरिंगचे सॉकेट आहेत. त्यात पाणी गेलं तर झाडाखाली बसून दुरुस्ती होत नाही. 'जुनी गाडी निघायची, नवी का निघत नाही' या तक्रारीचं उत्तर इथं आहे.

पाण्यातून गाडी सुखरूप निघाली तरी लगेच जोरात जाऊ नये. ड्रम ब्रेकचे लायनर भिजलेले असतात, पहिल्या वळणावर ब्रेक लागतच नाही. थोडं अंतर ब्रेक हलका दाबत चालवलं की लायनर सुकतात. आणि वाहत्या पाण्यात गाडी ढकलायची वेळ आलीच तर माणसानं वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला राहावं. खालच्या अंगाला राहिलं तर पडलेली गाडी पाण्यासकट माणसावर येते. गाडी सुटायला लागली तर सोडून द्यावी. गाडीचे हप्ते फिटतात.

विमा आणि मदत: काय मिळतं, काय नाही

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा असतो, काहींचा तोही संपलेला असतो. थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिन गेलं, तर कंपन्या साधारणपणे तो दावा मान्य करत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. म्हणजे सेल्फ मारायचा तो एक सेकंद विम्याच्या हिशेबातही महागात जातो.

माणूस गेला तर पुरात वाहून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून ४ लाखांची मदत आहे, ती तहसीलमधून होते. याशिवाय शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. रस्ता अपघात आणि बुडून मृत्यू दोन्ही तिच्यात बसतात, मृत्यूला २ लाख रुपये. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो. दुःखाच्या घरात पहिला महिना असाच जातो आणि मुदत निघून जाते. गाडी चालवणाऱ्याकडं वैध परवाना नसेल तर तिथंही अडतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, सरपंचांनी हे काम अंगावर घ्यावं.

'जाऊ नका' हा सल्ला कुणासाठी?

दर पावसाळ्यात प्रशासनाचं पत्रक येतं. पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये. पर्यटनाच्या धोकादायक ठिकाणी जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली बंदीही घालतात. हौशी लोकांसाठी हे योग्यच आहे. मावळात कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. रविवार होता, गर्दी होती, काहींनी दुचाकीही पुलावर नेल्या होत्या. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. नुसता फलक लावून गर्दी थांबत नाही, एवढं तरी त्यावरून शिकावं.

आपल्या जिल्ह्यातही नळदुर्गचा नर-मादी धबधबा, येडशी-रामलिंगचा घाट इथं पावसाळ्यात गाड्या वाढतात. रामलिंग घाट अभयारण्य आहे. रस्ता सोडून तिथं गाडी घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा प्रश्न होतो. आणि हौशी मंडळींना एक विनंती. तुम्ही ज्याला ट्रॅक म्हणता तो कुणाच्या तरी शेताचा बांध असतो. पेरलेल्या रानातून टायर गेलं की तिथली ओळ उगवत नाही.

पण फरशी पुलापलीकडच्या वस्तीवरच्या माणसाला 'जाऊ नका' म्हणणं म्हणजे अर्धाच सल्ला. भूम-वाशी भागात खव्याच्या भट्ट्या सकाळच्या दुधावर चालतात. दूध वेळेत गेलं नाही तर त्या दिवसाचा पैसा बुडतो, सरकी-पेंडीचा खर्च मात्र थांबत नाही. वस्तीवरची बाई अडली तर १०८ ची गाडी डांबरी संपते तिथं उभी राहते, तिथवर तिला दुचाकीवर मधे बसवून आणतात. या माणसांना थरार नको असतो. त्यांना पर्याय हवा असतो, आणि तो पत्रकात नसतो.

आपल्या ओढ्यांचा पूर बहुतेक वेळा काही तासांत उतरतो. तेवढे तास थांबता येईल अशी सोय गावानं केली तरी निम्मा धोका टळेल. डेअरीनं पूर असेल त्या दिवशी पलीकडच्या काठाचं दूध उशिरा घ्यायचं ठरवावं. शाळेनं त्या दिवशी उशिरा आलेल्या किंवा न आलेल्या पोरांना बोलू नये. पावसाळ्यात बाळंतपणाची तारीख असलेल्या बाईला आठ दिवस आधी गावात, नातेवाइकांकडं आणून ठेवावं. यातल्या कशालाही निधी लागत नाही.

पाणंदीचा कागद काय सांगतो?

कायमचा उपाय रस्त्याचा आहे, आणि त्यात आधी रस्ता कुणाचा हे बघावं लागतं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडं, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. फरशी पुलाची मागणी चुकीच्या ऑफिसात दिली तर एक वर्ष तिथंच जातं.

पाणंदीचं वेगळं. गाव नकाशा काढून बघा. दोन समांतर तुटक रेषांनी दाखवलेला ग्रामीण गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो, एका तुटक रेषेची पायवाट सव्वाआठ फुटांची. आज जागेवर त्यातलं किती उरलंय ते प्रत्येकानं आपापल्या मनाला विचारावं. दोन्ही बाजूंनी नांगराचं एकेक तास दरवर्षी आत आलं आणि एकवीस फुटांची पाणंद बैलगाडीलाही पुरत नाही अशी झाली. कडेची चर गेली. चर गेल्यामुळं पाणी रस्त्यावरच थांबलं आणि चिखल झाला. त्यामुळं चिखलाला एकटं सरकार जबाबदार आहे असं म्हणता येत नाही.

कायद्याची दारं दोन आहेत. पूर्वापार रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा करता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयानं शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असं ठरलंय. ही नोंद महत्त्वाची. आजवर भावकीतल्या तडजोडीनं मिळालेला रस्ता जमीन विकली की नवा मालक बंद करायचा. सातबाऱ्यावर चढलेला रस्ता तसा बंद करता येणार नाही.

रस्ता बांधायला नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. तिच्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रोजगार हमीत मजुरीवर ६० आणि साहित्यावर ४० टक्के असं प्रमाण पाळावं लागायचं. रस्त्याला मात्र खडी, मुरूम, रोलर जास्त लागतं आणि मजूर कमी. म्हणून नुसत्या रोजगार हमीत पक्की पाणंद बसत नव्हती, राज्याचा निधी जोडावा लागला. तरीही बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरून फोटो काढला जातो. पहिल्याच पावसात मुरूम खाली जातो आणि काळी वर येते. खाली दगडाचं सोलिंग आणि दोन्ही कडेला चर नसेल तर ते काम मोजमाप पुस्तकात राहतं, जागेवर राहत नाही.

मागणीची वेळ चुकते

आपली अडचण वेळेची आहे. जुलैत चिखलात गाडी फसली की सगळं गाव रस्त्याच्या नावानं बोलतं. दिवाळीला पाणंद सुकली की विषय संपतो. आणि पुढच्या वर्षीच्या कामांचा आराखडा नेमका १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांतून पुढं जातो. म्हणजे गाड्या फसलेल्या असतात त्याच दिवसांत ठराव घ्यायचा असतो. मार्चमध्ये आठवण होऊन उपयोग नसतो. १ मेची ग्रामसभा ही पावसाळ्याआधीची शेवटची, तिच्यात नळ्या साफ करणं, खुंट रंगवणं, आकड्याचा खांब रोवणं एवढी छोटी कामं ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठरवता येतात.

त्यासाठी पुरावाही आपल्याच हातात आहे. पोरांकडं मोबाईल आहेत. रील काढायचीच असेल तर गाडी पाण्यात न घालता काठावर उभं राहून काढा. पुलावर किती पाणी आहे, खुंट किती पडलेत, भराव कुठं गेलाय, तारीख-वेळेसकट. एका पावसाळ्यात असे किती दिवस पूल बंद होता याची वहीत नोंद ठेवा. जिल्हा परिषदेच्या टेबलावर 'आमची फार गैरसोय होते' असं लिहिलेल्या अर्जापेक्षा तारखांची यादी आणि फोटो जास्त चालतात.

या हंगामापुरतं एवढं ठरवून घेऊ. काडी पळवणारं पाणी असेल तर थांबायचं. तळ दिसत नसेल तर थांबायचं. पाठीमागं बाईमाणूस किंवा लेकरू असेल तर घोटाभर वाहत्या पाण्यालाही थांबायचं. गाडी बुडाली तर सेल्फ मारायचा नाही. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला चिखलाच्या पायांनीच जायचं, ठराव लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.